गाडी राहिली, मास्तर गेले

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या क्वीन स्ट्रीट स्थानकातून सुटणारी वेस्ट हायलंड मार्गावरील गाडी सुमारे २६४ किलोमीटरचे अंतर कापून साधारण सव्वापाच तासांनी मॅलेग या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरात पोहोचते. आजच्या काळाच्या मानाने हा वेग फारच कमी आहे; परंतु या प्रवासात घाई कोणालाच नसते. डोंगरांच्या कुशीतून, लांबच लांब सरोवरांच्या काठाने आणि निर्जन माळरानांवरून जाणाऱ्या या एकेरी मार्गाची गणना जगातील अत्यंत रमणीय रेल्वेमार्गांत होते. प्रवासी खिडकीबाहेरचे दृश्य पाहण्यात गुंग असतात. त्यामुळे वाटेतील एक गोष्ट त्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. गाडी थांबते, टुमदार लाकडी इमारत असलेला फलाट येतो, दोन-चार माणसे चढतात-उतरतात. पण तिकीट देणारा, दिवा दाखविणारा किंवा गाडीची चौकशी करावी असा रेल्वेचा माणूस बहुतेक स्थानकांवर दिसत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत येथे अशी माणसे होती. ती कशी गेली आणि त्यांच्यामागे त्या स्थानकांचे काय झाले, याची हकिकत जाणून घेण्याजोगी आहे.

हमीवर उभारलेला मार्ग

हा मार्ग व्यापारी हिशेबाने कधीच सोपा नव्हता. १८८९ च्या जानेवारीत सात जणांची एक तुकडी रॅनॉकच्या दलदलीच्या पठारावरून पायी पाहणीस निघाली होती. थंडी, पाऊस आणि काळोखात वाट चुकून त्यांच्या जिवावर बेतले. पुढे प्रत्यक्ष बांधकाम त्या पठारावर पोहोचले, तेव्हा टाकलेली माती आणि दगड दलदल गिळून टाकू लागली. शेवटी झाडांच्या फांद्यांच्या मोळ्या, गवताळ मातीची ढेकळे आणि हजारो टन राख यांचा थर अंथरून त्यावर रूळ अक्षरशः तरंगते ठेवावे लागले. पैसा संपत आला, तेव्हा कंपनीचे एक संचालक जेम्स रेंटन यांनी स्वतःच्या मालमत्तेतील काही भाग देऊन काम सावरले. बांधकामावरील मजुरांनी एका मोठ्या शिळेत त्यांचे मुख कोरले. ती शिळा आजही रॅनॉक स्थानकाच्या फलाटाच्या टोकाशी उभी आहे. आपल्या पदरचे भांडवल घालून दुसऱ्यांचे काम तारणाऱ्या माणसाचे मोल मजुरांनी ओळखले होते, हे त्या कोरीव कामावरून कळते.

७ ऑगस्ट १८९४ रोजी फोर्ट विल्यमपर्यंत मार्ग खुला झाला. तेथून पुढे मॅलेगपर्यंतचा सुमारे ६७ किलोमीटरचा भाग खाजगी भांडवलाच्या बळावर होणे शक्य नव्हते. किनाऱ्यावरच्या मासेमारांना मोठ्या बाजारपेठेशी जोडणे हा त्यामागील हेतू होता. म्हणून सरकारने २,६०,००० पौंडांच्या भांडवलावर ३ टक्के परताव्याची हमी दिली आणि मॅलेगच्या धक्क्यासाठी ३०,००० पौंडांचे अनुदान मंजूर केले. त्या काळच्या पार्लमेंटमध्ये या हमीवर बरीच खडाजंगी झाली. सरकारी तिजोरीतून खाजगी रेल्वेला आधार का द्यावा, असा विरोधकांचा सवाल होता. अखेर १ एप्रिल १९०१ रोजी हा भागही सुरू झाला. ग्लेनफिनन येथील २१ कमानींचा काँक्रीटचा पूल याच भागात आहे. हॅरी पॉटरच्या चित्रपटांमुळे तो आज लहान मुलांनाही ओळखू येतो. परंतु कमाईचे आकडे मात्र त्या पुलाइतके उंच कधी गेले नाहीत. या मार्गाचा जमाखर्च पहिल्यापासून ओढाताणीचाच राहिला.

फलाटावरचा संसार

स्थानकांच्या इमारती ग्लासगोचे वास्तुशिल्पी जेम्स मिलर यांनी रेखाटल्या. स्वित्झर्लंडमधील डोंगरी घरांच्या धर्तीवर पुढे आलेली छपरे, लाकडी फळ्यांच्या भिंती आणि दोन रुळांच्या मधोमध असलेला बेटासारखा फलाट ही त्यांची ओळख. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील, अशी ही क्रॉसिंग स्थानके होती. प्रत्येक ठिकाणी सिग्नल केबिन असे आणि तेथे पाळीपाळीने काम करणारे सिग्नलमन असत. त्याखेरीज तिकिटे, पार्सले, टपाल, गुरे-मेंढ्या आणि कोळसा यांची उलाढाल सांभाळणारी माणसे असत. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळ्या असत. काही आडवळणाच्या स्थानकांना सडकच नसल्याने तेथील कुटुंबांचे किराणा सामान, औषध आणि पत्रे, सारे काही गाडीनेच येई.

गॉर्टन नावाच्या एका ठिकाणी तर रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी जुन्या डब्यात शाळा भरत असे. फलाटावर उभा केलेला एक निवृत्त डबा, त्यात बाके आणि फळा, आणि गाडीने येणारी शिक्षिका, असे त्या शाळेचे रूप होते. सार्वजनिक वेळापत्रकात ज्याचे नावही नव्हते अशा त्या जागी मुलांच्या आवाजाने फलाट गजबजत असे. स्थानक म्हणजे तेथे केवळ गाडी थांबण्याची जागा नव्हती. मैलोगणती पसरलेल्या निर्जन प्रदेशातील ती एकमेव वस्ती होती, आणि कर्मचाऱ्यांचा पगार हा तिचा आधार होता.

या माणसांचे मुख्य काम सुरक्षिततेचे होते. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक टप्प्याचे एक टोकन असे. दोन्ही टोकांची यंत्रे तारेने जोडलेली असत, आणि एका यंत्रातून टोकन बाहेर निघाले की ते परत ठेवले जाईपर्यंत दुसरे निघत नसे. टोकन हाती असल्याखेरीज ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायची नाही, हा नियम. भारतातही एकेरी मार्गांवर कडीला अडकविलेला टोकनचा गोळा स्टेशनवरचा माणूस धावत्या गाडीतील ड्रायव्हरच्या हाती देत असे. ज्यांनी ते दृश्य पाहिले आहे त्यांना या पद्धतीचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही. या पद्धतीत चूक होण्यास फारसा वाव नव्हता. परंतु प्रत्येक क्रॉसिंग स्थानकावर, गाडी दिवसातून मोजक्याच वेळा आली तरी, हजर राहणारा माणूस मात्र हवाच होता.

हिमवादळाने दाखविलेला मार्ग

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि मालट्रक वाढले. मासळी, मेंढ्या आणि पार्सले हळूहळू सडकेने जाऊ लागली. १९६३ साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा ब्रिटिश रेल्वेच्या पुनर्रचनेविषयीचा प्रसिद्ध अहवाल आला. तोट्यातील हजारो मैलांचे मार्ग बंद करावेत, अशी त्याची शिफारस होती. इन्व्हर्नेसच्या उत्तरेकडील विकपर्यंतचा आणि पश्चिमेकडील काइलपर्यंतचा मार्गही त्या यादीत होता. लोकांच्या विरोधामुळे ते दोन्ही बचावले. वेस्ट हायलंडला क्रियनलॅरिख येथे छेदून जाणारा ओबानचा जुना मार्ग इतका सुदैवी नव्हता. १९६५ च्या सप्टेंबरात ग्लेन ऑगल येथे दरड कोसळली आणि त्याचा पूर्वेकडील भाग कायमचा बंद झाला. ओबानच्या गाड्या तेव्हापासून वेस्ट हायलंडवरूनच जाऊ लागल्या.

बचावलेल्या मार्गांवरही टांगती तलवार होतीच. दिवसाकाठी तीन-चार गाड्या आणि त्यांच्यासाठी जागोजाग पाळ्यांवर माणसे, हे गणित रेल्वेच्या हिशेबनिसांना पटणारे नव्हते. अशातच १९७८ च्या जानेवारीत उत्तर स्कॉटलंडमध्ये भीषण हिमवादळ झाले. विकच्या मार्गावरील खांब आणि तारा मैलोगणती जमीनदोस्त झाल्या. टोकनची यंत्रे जोडणारी तार तुटली म्हणजे ती पद्धतच लुळी पडली. त्या अडचणीत बिनतारी संदेशवहनाचा आधार घेण्यात आला, आणि त्यातूनच एक नवी कल्पना पुढे आली. तार पुन्हा उभारण्याऐवजी टोकनच रेडिओवरून दिले तर?

ब्रिटिश रेल्वेने तशी पद्धत तयार केली. १९८४ साली ती काइलच्या मार्गावर आणि लगेचच विकच्या मार्गावर सुरू झाली. १९८७ आणि १९८८ साली ती वेस्ट हायलंडवर आली. फोर्ट विल्यमजवळ बॅनव्ही येथे कॅलेडोनियन कालव्याच्या काठी एक नियंत्रण केंद्र बांधण्यात आले. कालव्यातील बोटींना पायरीपायरीने चढविणारी आठ जलद्वारांची प्रसिद्ध रांग शेजारीच आहे. त्या एका इमारतीतून शेकडो किलोमीटरच्या एकेरी मार्गाचे नियंत्रण होऊ लागले.

नवी पद्धत समजण्यास सोपी आहे. गाडी क्रॉसिंग स्थानकात थांबली की ड्रायव्हर रेडिओवर बॅनव्हीच्या सिग्नलमनशी बोलतो आणि पुढच्या टप्प्याचे टोकन मागतो. मार्ग मोकळा असल्यास दोघेही ठरल्या क्षणी आपापली बटणे दाबतात. ड्रायव्हरच्या समोरील पडद्यावर टप्प्याचे नाव उमटते. तेच आता त्याचे टोकन. ते परत येईपर्यंत संगणक दुसऱ्या कोणत्याही गाडीला त्या टप्प्याचे टोकन देत नाही. गाडी आत येताना ठरलेल्या बाजूच्या रुळावर जाते. बाहेर पडताना तिची चाकेच सांधे बाजूला सारतात आणि ते हळूहळू आपोआप मूळ जागी येतात. तरफा ओढणारा सांधेवाला त्यामुळे लागत नाही. गाडीतील कंडक्टर तिकिटे देऊ लागल्याने खिडकीवरील माणसाचीही गरज उरली नाही. थोड्याच दिवसांत इंजिन लावून ओढल्या जाणाऱ्या गाड्यांच्या जागी दोन डब्यांच्या डिझेल गाड्या आल्या. क्रियनलॅरिखला अशाच एका गाडीचे दोन भाग करून एक ओबानला आणि एक मॅलेगला पाठविणे सोपे झाले.

बचतीच्या दृष्टीने हा बदल चोख ठरला. ज्या मार्गाचे भवितव्य वर्षानुवर्षे अनिश्चित होते, त्याचा चालू खर्च त्यामुळे आटोक्यात आला. मार्ग बंद करण्याची भाषा मागे पडली, त्यात या रेडिओ टोकनचा वाटा मोठा आहे. हे मान्य करूनच पुढचा हिशेब मांडला पाहिजे.

रिकाम्या इमारतींचे वारस

रेल्वेच्या खातेवहीत सिग्नलमनचा पगार खर्चाच्या बाजूला होता. तो कमी झाला. पण त्या माणसाच्या तेथे असण्याने जे काही घडत होते, ते कोणत्याच खात्यात जमा म्हणून लिहिलेले नव्हते. प्रतीक्षालयातील शेगडी तो पेटवीत असे. गाडी किती उशिराने येणार हे तो सांगत असे. बर्फ साचले तर फलाट तो झाडीत असे. वृद्ध प्रवाशाची पेटी उतरवून घेणे, पार्सल कोणाचे आहे ते ओळखून निरोप धाडणे, इमारतीचे दार बिघडले तर त्याच दिवशी खिळा ठोकणे ही त्याची नित्याची कामे होती. त्याच्या पश्चात फलाटांवर चौकशीचे बटण आले. ते दाबले की दूरच्या शहरातील कोणीतरी नम्रपणे उत्तर देते. उत्तर बरोबर असते. परंतु त्या फलाटावर त्या क्षणी वारा कोणत्या दिशेने येतो आहे, हे उत्तर देणाऱ्याला दिसत नाही.

इमारतींवर त्याचा परिणाम लवकर दिसला. लाकडी भिंती आणि पश्चिमेचा पाऊस यांचे फार दिवस जमत नाही. कोणी राहत नसलेल्या घराचे छप्पर गळू लागले की दुरुस्तीचा खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की पाडून टाकण्याचा विचार बळावतो. काही ठिकाणी आज मूळ इमारतीऐवजी केवळ छोटा निवारा उरला आहे. जेथे इमारती टिकल्या तेथे त्या बहुधा एकाच कारणाने टिकल्या: कोणीतरी तेथे आपला धंदा किंवा आपले काम मांडले.

क्रियनलॅरिखच्या फलाटावरील चहाचे दुकान हे त्याचे परिचित उदाहरण आहे. गाडीचे दोन भाग होईपर्यंत मिळणाऱ्या काही मिनिटांत प्रवासी तेथे गरम चहा घेतात. ब्रिज ऑफ ऑर्कीजवळून वेस्ट हायलंड वे ही सुमारे १५४ किलोमीटरची पायवाट जाते. तेथील स्थानकाच्या इमारतीत पदयात्रींसाठी मुक्कामाची सोय झाली. टलॉख येथेही जुने स्थानक गिर्यारोहकांचे वसतिगृह बनले. रॅनॉकला, जेथे सडक येऊन संपते आणि पुढे केवळ माळ सुरू होतो, तेथे स्थानकातच चहापाण्याची व्यवस्था झाली.

यांतील सर्वांत आगळे स्थानक कोराउर. समुद्रसपाटीपासून सुमारे ४०८ मीटर उंचीवर असलेले हे ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यातील सर्वांत उंच स्थानक. तेथे सार्वजनिक सडक नाही. जवळची सडक सुमारे १६ किलोमीटर दूर आहे. मूळचे ते एका जहागिरीच्या सोयीचे खाजगी थांबे होते आणि १९३४ साली त्याचे नाव सार्वजनिक वेळापत्रकात आले. सिग्नलमन गेल्यावर ही जागा ओस पडण्यास काहीच हरकत नव्हती. परंतु आज स्थानकगृहात हंगामात उपाहारगृह चालते आणि जुन्या सिग्नल केबिनमध्ये मुक्कामाच्या खोल्या आहेत. जेथून एकेकाळी सिग्नलमन दोन्ही दिशांच्या रुळांवर नजर ठेवी, तेथून आता पाहुणे हरणांचे कळप पाहतात. संध्याकाळची शेवटची गाडी गेली की या फलाटावर इतकी शांतता पसरते की वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही. अशा वेळी खिडकीत एक दिवा लागलेला असणे म्हणजे काय, हे तेथे अडकलेल्या वाटसरूलाच कळेल.

ग्लेनफिननची कथा थोडी निराळी आहे. मनुष्यबळ काढून घेतल्यावर तेथील इमारतीचे भवितव्य धोक्यात आले होते. ती वाचविण्यात आली आणि १९९१ साली तेथे रेल्वेमार्गाचे संग्रहालय सुरू झाले. तिकिटांची खिडकी, टोकनची यंत्रे, सिग्नल केबिनमधील तरफा हे सारे तेथे नीट जपले आहे. बाजूच्या रुळांवर उभ्या असलेल्या जुन्या डब्यांतून एकात जेवणाची आणि एकात झोपण्याची सोय केलेली आहे. उन्हाळ्यात फोर्ट विल्यम ते मॅलेग वाफेच्या इंजिनाची गाडी धावते. १९८४ साली अशी गाडी या भागात पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्याकडे हौसेचा खेळ म्हणून पाहिले गेले असेल. आज तिच्यामुळे येणाऱ्या पाहुण्यांवर या खोऱ्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो.

सांभाळणारे कोण?

या बदलाचा आणखी एक धडा १९९५ साली मिळाला. लंडनहून फोर्ट विल्यमला येणारी रात्रीची शयनयान गाडी तोट्यात असल्याने बंद करण्याचे ब्रिटिश रेल्वेने ठरविले. हायलंड प्रादेशिक परिषदेने त्याविरुद्ध एडिनबरोच्या कोर्ट ऑफ सेशनमध्ये दाद मागितली. वाटेतील काही रूळ केवळ याच गाडीच्या उपयोगाचे होते. तेव्हा ती बंद करणे म्हणजे मार्ग बंद करणेच होय आणि त्यासाठी कायद्याने ठरविलेली रीतसर प्रक्रिया झालीच पाहिजे, असा मुद्दा होता. न्यायालयाने तो मान्य केला. गाडी वाचली आणि आजही लंडनला संध्याकाळी झोपलेला प्रवासी सकाळी रॅनॉकच्या माळावर डोळे उघडतो.

ही लढाई कोणा स्टेशन मास्तरने लढली नाही. तोवर बहुतेक स्थानकांवर मास्तर उरलेच नव्हते. ती त्या प्रदेशातील लोकांनी आणि त्यांच्या परिषदेने लढली. स्थानकावर माणूस होता तोवर गाऱ्हाणे त्याच्यापाशी सांगता येत होते. तो गेल्यावर स्थानकाची जबाबदारी कोणा एकाची उरली नाही, आणि म्हणून ती अनेकांनी वाटून घ्यावी लागली. अनेक फलाटांवर आज गावकरी स्वखुशीने फुलझाडे लावतात, कुंड्यांना पाणी घालतात, भिंतींचा रंग उडाला तर कळवितात. त्यांना कोणी पगार देत नाही.

व्यापारी घरांना यातील अर्थ समजण्यास वेळ लागू नये. दुकानात संगणक आला, हिशेब आपोआप होऊ लागला, पुरवठादाराशी बोलणे फोनवर आटोपू लागले, म्हणून दुकान आपोआप चालत नाही. नोकर कमी करता येतात. गादीवर बसणारा कमी करता येत नाही. वेस्ट हायलंडच्या मार्गाने खर्च कमी करून आपले आयुष्य वाढविले, आणि त्या काळच्या परिस्थितीत ते आवश्यकच होते. परंतु ज्या स्थानकावर मास्तराच्या जागी चहावाला, वसतिगृह चालविणारे कुटुंब किंवा संग्रहालय सांभाळणारा कोणी आला, तेथेच दार उघडे राहिले. जेथे कोणीच आले नाही, तेथे गाडी आजही वेळेवर थांबते. उतरणारा प्रवासी मात्र आधी आकाशाकडे पाहतो आणि मग कॉलर वर करून सडकेच्या दिशेने चालू लागतो.

लॉखेलसाइड, लॉखेलॉर्ट आणि बीसडेल यांसारख्या छोट्या थांब्यांवर तर गाडी मागितल्याखेरीज थांबतही नाही. चढणाऱ्याने फलाटावर उभे राहून हात दाखवायचा आणि उतरणाऱ्याने कंडक्टरला आधी सांगून ठेवायचे. धुक्याच्या दिवशी ड्रायव्हर वेग कमी करून फलाटाकडे बारकाईने पाहतो, कारण तेथे कोणी उभे असेल तर त्याची वर्दी देणारा दुसरा कोणीही नसतो.